राठोड काकूंना दिलेली नोटीस

तुम्ही हसाल, पण आर्णीतल्या आमच्या नदीकाठच्या ले-आउटच्या प्लॉटधारक संघाचा सचिव मी आहे. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून केलं. पहिलीच नोटीस राठोड काकूंना द्यायची होती. त्या रस्त्यावर साड्या अंथरून कुरड्या वाळवायच्या आणि संघाचे अध्यक्ष असलेल्या जोशी काकांची कार अडायची.

काका म्हणाले, "आज नोटीस नाही देली तं सचिवपद सोड."

मी गेलो. काकू म्हणाल्या, "थांब बाप्पा, चष्मा आणतो. तवर कावळे हाकल."

हातात तीच नोटीस होती. तिनंच हाकलत राहिलो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

"काय सेक्रेटरी, झालं काय काम?"

मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "काका, गाडी मांगं घ्या! कुरड्या वल्ल्या हायेत!"