आखूड पिन

हो, मीच सांगितलं तुमच्या वडिलांना, नाही कशाला म्हणू? तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत बसले होते. म्हटलं, साहेब, पिस्तुलाची पिन आखूड आहे, घोडा पडतो पण काडतुसाला टोचतच नाही—आणि हा दोष कालपरवाचा नाही, कारखान्यातूनच आलाय. तेवढंच बोलले मी. तेव्हापासून अन्नाला शिवले नाहीत म्हणता? भिंतीकडे तोंड करून पडलेत? बरं. बरं म्हणजे—वाईट वाटलं असं म्हणू का, ताई? नाही वाटत हो. उगाच तोंडदेखलं कशाला बोलू.

ही भिंत बघा. सगळी सिग्नलची पिस्तुलं—माणूस मारायची नव्हेत, आकाशात लाल गोळा सोडायची—लष्कराच्या भंगारातून आलेली. लोक म्हणतात, बाईला हे कसलं खूळ. खूळबीळ काही नाही, मी एकच पिस्तूल शोधत होते, अन् ते मिळेपर्यंत हाती लागेल ते दुरुस्त करत गेले, त्याचंच दुकान झालं. माझे अप्पा पुलावर पहाऱ्याला होते. पलीकडून शत्रू आला तर लाल गोळा सोडायचा, बाकी काम काही नाही. अन् ते आले, गोळा सुटला नाही, छावणीतली पोरं अंथरुणातच मेली. अप्पा सांगत राहिले—चाप ओढला, घोडा खट्‌कन पडला, पेटलं नाही. काडतूस बदललं, तेच. तिसरं घातलं, पुन्हा तेच. पिस्तूलच खराब होतं. ऐकतंय कोण? साहेबांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनीच, सगळ्यांदेखत सांगून टाकलं, हा झोपला होता. संपलं. पिस्तूल उघडूनसुद्धा पाहिलं नाही, आठवण म्हणून घरी नेलं. अप्पा परत आले ते झोपाळू होऊनच. मामांनी येणं टाकलं. पुढं माझं जमलेलं लग्न मोडलं, झोपाळूची पोर नको म्हणे. गल्लीतली मुलं आमच्या दाराशी येऊन घोरायची—हो, घोरायची, मोठ्यानं—आणि आत अप्पा टक्क जागे. त्या माणसाला पुन्हा कधी झोप म्हणून लागली नाही. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, तरी बोट हलत होतं, चाप ओढल्यासारखं. मीच धरून ठेवायची ते बोट.

आणि गेल्या आठवड्यात तुमचे वडील आपल्या पायांनी आले की इथं. रुमालात पिस्तूल गुंडाळलेलं—काचेच्या कपाटात ठेवायचंय, जरा चालतं करून द्या, बाई. नंबर वाचला अन् पुन्हा पुन्हा वाचला. अप्पांनी तो नंबर मला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. त्यांनी काही मला ओळखलं नाही. कशाला ओळखतील? चार दिवसांनी पुन्हा आले तेव्हा मी चहा पुढं केला आणि विचारलं, साहेब, पुलावरच्या त्या झोपाळूचं का हो हे? आणि मग पिनेचं सांगितलं. चहा न पिताच उठून गेले, पिस्तूलही इथंच राहिलं. खरं सांगते, त्या रात्री मी जन्मात झोपले नव्हते इतकी गाढ झोपले.

असो. हे घ्या तुमचं पिस्तूल, घासूनपुसून दिलंय. ही पुडीही असू द्या बरोबर. काही नाही हो, टोपी आहे, काडतुसाच्या बुडाची, हिच्यावर पिन आपटते तेव्हा ठिणगी पडते. पिस्तूल आलं की उघडायच्या आधी मी रिकाम्या काडतुसाला टोपी लावून एक बार काढते, पिन किती खोल टोचते ते कळतं. सगळ्यांनाच देते बांधून, हाताला सवयच लागलीये. चांगला खड्डा पडला असेल तर समजायचं की पिन—

हो. खोल आहे या टोपीतला खड्डा. मधोमध आहे.

अशा बघू नका माझ्याकडे. पेटली ती, पहिल्याच खेपेला पेटली. साहेबांच्या तळहातावर मी जी आखूड पिन ठेवली ना, ती खणातली, भलत्याच पिस्तुलाची. डोळे अधू त्यांचे, बोटानं चाचपत बसले बिचारे. या पिस्तुलाला काही झालेलं नव्हतं, ताई. मी टोप्यांची आख्खी डबी संपवली, म्हटलं एकदा फस, मेल्या, एकदाच फस—नाही फसलं. काडतूस सर्दाळलं असेल म्हणता? एक सर्दाळेल. तिन्ही? भल्या आहात तुम्ही, पण मला नका समजावू, मी रात्रंदिवस हेच करते.

आता घरी जाऊन सांगाल. सांगालच, तुमचा बाप आहे, मी तुमच्या जागी असते तर इथवर बसलेसुद्धा नसते. मग जेवतील पोटभर, शेजाऱ्यांनाही सांगतील, बघा, मी म्हणत नव्हतो? न्या, न्या ती टोपी. पण माफी मागायला लावू नका, ती मी मागणार नाही. तुमच्या घरात, तुमच्या वडिलांच्या लेखी, चार दिवस का होईना, माझे अप्पा जागे होते. तुम्ही यायच्या आधी मी नुसती बसून होते इथं, काम न करता, तेवढ्याच आनंदात.

उठा आता. दार ओढून घ्या जाताना.