लॅबच्या किल्लीला निरोप

१४ जून, शनिवार

आधी या वहीची माफी मागते. अभ्यास सुरू केल्यापासून इथे एक ओळही लिहिली नाही. आज सरांच्या निरोप समारंभात विद्यार्थ्यांतर्फे बोलले. लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच राहिलं, तोंडून निघालं ते वेगळंच. विसरायच्या आत उतरवून ठेवते.

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या सायंकाळच्या कॉलेजच्या प्राचार्या, व्यासपीठावर बसलेले उपप्राचार्य आणि कार्यालयाचे अधीक्षक, सत्कारमूर्ती, आमचे हिशेबशास्त्राचे सर, सरांच्या सौभाग्यवती, आणि दिवसा नोकरी करून संध्याकाळी जांभया लपवणाऱ्या माझ्या वर्गबंधू-भगिनींनो,

वर्गात वयाने मी सगळ्यांत मोठी, म्हणून मला मॉनिटर केलं आणि म्हणूनच आज बोलायला उभं केलं. लायकीचा प्रश्न दोन्ही वेळा कोणी काढला नाही, याबद्दल मी ऋणी आहे.

सरांनी आयुष्यभर हिशेब शिकवला आणि तो उत्तम शिकवला, याबद्दल या सभागृहात दुमत नसावं. पुढे कॉलेजने ठरवलं की हिशेबाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग आलंच पाहिजे. निर्णय योग्यच होता. लॅब झाली, संगणक आले, दारावर पाटी लागली. शिकवणारे तेवढे आले नाहीत. त्यांच्या नेमणुकीची फाइल फिरते आहे, असं ऐकते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आकडे इकडेही असतात आणि तिकडेही असतात, तेव्हा हा विषय सरांनाच द्यावा. सर, तुम्ही नाही म्हणाला नाहीत. ‘नाही’ हा शब्द तुम्ही बहुधा आमच्यासाठी राखून ठेवला होता.

लॅबला काचेचं दार आहे. त्यातून करड्या कव्हरांखाली झोपलेले संगणक आम्ही येता-जाता पाहिले. किल्ली सरांच्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. प्रोग्रामिंग आम्ही फळ्यावर शिकलो आणि वहीत उतरवलं. शाईने, समास सोडून, उत्तराखाली दुहेरी रेघ मारून.

बँकेतले आमचे एक वर्गमित्र आहेत, त्यांना शंका फार. त्यांनी विचारलं, “सर, हा प्रोग्राम चालतो का?”

“स्वच्छ लिहिलाय ना? मग चालेल.”

“एकदा चालवून बघितला तर?”

“आणि संगणक बंद पडला तर? सामानाच्या यादीवर सही तुमची आहे का माझी?”

सही सरांची होती. विषय संपला.

आता खाडाखोडीबद्दल सांगते. हिशेबात चुकीची नोंद खोडत नाहीत. तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करतात, म्हणजे कोण कुठे चुकलं ते पुढच्याला दिसतं. मला हा नियम फार आवडतो. माणसांनीही असंच वागावं, असं मला वाटतं. सरांनी हाच नियम प्रोग्रामिंगला लावला. पगाराच्या प्रोग्राममध्ये माझ्याकडून भत्ता चुकून दोनदा धरला गेला. मी ओळ खोडायला निघाले तर सर म्हणाले, “खोडायचं म्हणजे लपवायचं. खाली एक ओळ घाला, जादा भत्ता वजा करा.” मी घातली. वजा करताना कपातही दुसऱ्यांदा वजा झाली, म्हणून आणखी एक ओळ घातली. पानभराचा प्रोग्राम वहीभर झाला. सरांनी शेवटच्या पानावर ‘उत्तम’ असा शेरा दिला.

माझ्या थोरल्या जाऊबाई सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यांचा लॅपटॉप ऑफिसचा, घरात त्याला कोणी हात लावायचा नाही. थोडक्यात, काचेचं दार आमच्या घरीही आहे. त्यांना मी ती वही दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली.

“अगं, तुझा हा प्रोग्राम आधी चुकतो, मग माफी मागतो, आणि माफी मागताना परत चुकतो. चुकलेली ओळ पुसून का नाही टाकत?”

“पुसायची?”

“मग? पुसायची कळ काय शोभेला दिलीय?”

वर्षभर प्रोग्रामिंग शिकलेल्या बाईला पुसायची कळ असते हे ठाऊक नव्हतं. इथे कोणी हसू नये. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, मी विचारून घेतलंय.

हे सगळं गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत आणि आम्हाला त्या संगणकांवर बसवणार आहेत. माझ्या ऑफिसने मला स्वच्छ सांगितलंय: हा पेपर सुटला तर लेखा विभागात राहा, नाही सुटला तर आवक-जावकच्या टेबलावर जा. त्या टेबलात वाईट काही नाही. पण हिशेब जुळला की मला जे बरं वाटतं, ते पाकिटांवर शिक्के मारून वाटेल असं वाटत नाही.

म्हणून काल मी अधीक्षकांकडे लॅबची चौकशी केली. ते म्हणाले, सर निवृत्त होताहेत, समारंभ झाला की किल्ली लिफाफ्यात घालून सीलबंद होईल. सामानाची मोजणी करायला समिती नेमायची आहे, ती नेमली की उघडू.

“आणि सोमवारची परीक्षा?”

“परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. लॅब बंद राहील.”

हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे सांगितलं की मी आभार मानता मानता राहिले.

निरोपाच्या दिवशी सत्कारमूर्तींकडे काही मागणं बरं दिसतं का? सकाळपासून स्वतःला विचारतेय. बरं दिसत नाही. तरी मागते. प्राचार्याबाई, आपली परवानगी असेल तर लिफाफा चिकटवण्याआधी ती किल्ली उद्याच्या रविवारपुरती आमच्या वर्गाला मिळावी. काही बिघडलं तर जबाबदारी माझी. यादीवर माझी सही घ्या.

(इथे प्राचार्याबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांचा हात खिशाकडे गेला, मला वाटलं रुमालासाठी. ते माईकशिवायच बोलले.)

“मॉनिटरबाई, किल्ली घ्या. पण मलाही येऊ द्या.”

“सर, तुम्ही कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला. ते सुरू कसं करतात, मी कधी बघितलेलं नाही. बिघडलं तर विचारायचं कोणाला? म्हणून कुलूप.”

सरांच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “आणि घरी सांगायचे, संगणकांनी डोळे दुखतात.”

सभागृह हसलं, सरही हसले. मी हसले नाही, पुढे बोलले: सर, मघापासून मी तुमची थट्टा केली. ते शब्द पुसता आले असते तर पुसले असते. बोललेल्याला ती कळ नाही, म्हणून तुमच्याच पद्धतीने खाली एक ओळ जोडते: भीती आम्हालाही वाटत होती, फक्त आमच्याकडे किल्ली नव्हती.

बाईंनी मान हलवून परवानगी दिली, त्यांचे आभार. अधीक्षकसाहेब, लिफाफा तेवढा जपून ठेवा, सोमवारनंतर लागेल. सरांना निवृत्तीत उदंड आरोग्य लाभो, आणि डोळे दुखायचेच असतील तर या वेळी खरोखर संगणकाने दुखोत. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर वयाकडे बघून नव्हे, परवाच्या परीक्षेकडे बघून ती चूक पोटात घालावी.

उद्या: सरांना शेजारच्या खुर्चीवर बसवून एक चुकीची ओळ पुसून बघणे.