म्हशीला चालणारी गाडी

हॅलो?… हां अक्का, बोल… न्हाई, झाली न्हाई अजून… न्हाई म्हणतोय ना. सांगलीतच हाय. शोरूममध्येच.

सकाळधरनं… व्हय, सकाळधरनं. शोरूमवाल्यांच्या आधी आमीच येऊन बसलोय. त्यांच्या माणसानं कुलूप काढलं, तर आप्पा त्याला म्हणाले, उशीर केलास.

आप्पा, आई, मानसिंग नाना आणि मी. जीप करून… मोटरसायकल आणायला जीप, व्हय. जाताना मी एकटा गाडीवर, आणि ह्यांची जीप माझ्या मागनं. मी पडलो की उचलायला. नानांनी ठरवलंय… न्हाई गं, पडावं अशी इच्छा न्हाई त्यांची. तयारी म्हणत्यात.

थांब, बाहेर येतो. आत कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाई… हां, आता बोल. इथं गाड्या धुत्यात तिथं उभा हाय. पाणी उडतंय जरा, पण शांत हाय… तुझ्याकडं कोण आलंय? मागं कोणतरी बोलतंय बाईमाणूस… बरं, ते मग सांग. आधी माझं ऐक. अगं ऐक ना. आज माझं कुणी ऐकलंच न्हाई. शोरूमवालीनं मघाशी विचारलं, चालवणार कोण? तर सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी आत्ताच कुठनं तरी उगवलोय.

मला? मला कोपऱ्यातली बारकी पसंत हाय. काळी. हलकी हाय, सीट खाली हाय. बसलो की दोन्ही पाय टेकतात, अक्का. दोन्ही. टाचेसकट… म्हंजे काय म्हंजे? नवीन माणसाला दुसरं काय लागतंय? थांबलं की पाय टेकाया पायजे. शोरूमवाली पण तेच म्हणाली. पहिली गाडी अशी घ्या, पडली तर एकट्याला उभी करता येईल. आप्पा म्हणाले, पडायचं कशाला?

कोण, दाजी? काय म्हणत्यात?… त्यांना म्हणावं मायलेजचं मग बोलू… अक्का, त्यांच्याकडं फोन देऊ नगंस. देऊ नगंस, हे बघ— हां दाजी, नमस्कार. व्हय. व्हय. बरोबर हाय. हायवेला स्थिर पायजे, व्हय. घाटात ताकद पायजे, व्हय… न्हाई, लडाखला न्हाई जायाचं. तासगावला… तासगावलाच. जाऊन येऊन… व्हय, लडाखला गेलो तर नक्की तीच घेतो. द्या अक्काला.

अक्का, तुला म्हणलं होतं.

सोमवारपासनं, व्हय. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हजर व्हायचंय. ड्यूटी सुटायच्या आधी गावाकडची शेवटची एस्टी जाती. गाडी न्हाई तर नोकरी न्हाई, एवढीच गोष्ट हाय. ह्या माणसांनी त्याचं लगीनकार्य करून टाकलंय.

आई? आई गाड्यांवर बसतीय… चालवायला न्हाई गं, मागं. एकेका गाडीवर मागं एका बाजूला बसती, पदर सावरती, साडीगार्ड हलवून बघती. पुढं कोणसुद्धा न्हाई. तरी म्हणती, हळू चालव.

नानांचं तर विचारूच नगंस. घरनं दुधाची किटली आणलीय. मोकळी न्हाई, पाण्यानं भरून. वजन कळाया पायजे म्हणून. दिसंल त्या गाडीच्या हँडलला अडकवून लांबनं बघत्यात. शोरूमवाली म्हणाली, काका, ॲक्सेसरीज तिकडच्या काउंटरला मिळतील. नाना म्हणाले, न्हाई न्हाई, ही आमच्याकडं हाय.

आणि आप्पा मोठीपाशी उभे… ती दारातच ठेवलीय की, सगळ्यात मोठी. गाडी कसली, रेडाच हाय तो. स्टँडवरनं काढाया दोन माणसं लागली. आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, परेड बघितल्यागत. आणि म्हणाले, ही. बास. सुभेदार रिटायर झाले, आदेश न्हाई झाले… हार पण तिच्याच मापाचा आणलाय. जीपमध्ये हाय. सुकतोय.

बसून बघितलं की… पाय? अक्का, ते विचारू नगंस… एक टेकतो… दुसरा हवेत असतो. मी तिच्यावर बसल्यागत दिसतच न्हाई. तिनं मला कडेवर घेतल्यागत दिसतंय.

बूट घातलेत ना. ऋषिराजचे. नानांच्या पोराचे, जाड तळव्याचे. आत वर्तमानपत्र घातलंय. घड्या घालून, टाचेखाली… हस. हस तू. तरीबी एकच टेकतो.

काल? काल काय… कुणी सांगितलं तुला? ऋषिराजनं? त्याचं तोंड म्हंजे— व्हय, त्याच्याच मोठ्या गाडीवर शिकत होतो, अंगणात… मी पडलो न्हाई. मी आधी उतरलो. मग ती आडवी झाली. वैरणीवर झाली, म्हणून काय झालं न्हाई… आप्पा? कट्ट्यावर बसले होते. समोरच… चष्मा काढला, पुसला, आत गेले.

आणि वर ती गजरा म्हैस. धारेची वेळ, आणि त्या गाडीचा ठोठो आवाज. म्हशीनं दूध चोरलं. अंजना आत्ती कासेला बसली होती, तासभर बसली. थेंब सोडला न्हाई. सगळ्यांनी काळा च्या घेतला. आणि बघत्यात माझ्याकडं.

सांगू कसं, अक्का? तू म्हणतीस सांग. काय सांगू? आप्पा, मला ही झेपत न्हाई, माझे पाय पुरत न्हाईत?… अगं, भरतीच्या मैदानावर त्या मापाच्या खांबाखाली मला बाजूला काढलं, तवा आप्पा जाळीच्या पलीकडं उभे होते. आठवतंय ना? आणि त्यानंतर आजतागायत घरात उंचीचं नाव न्हाई काढलं. माळ्यावरचं काय काढायचं झालं तर स्वतः स्टूल घेत्यात. मला हाक मारत न्हाईत… व्हय ना. गुडघा दुखतो तरी.

आणि आता मी त्याच माणसाला जाऊन सांगू, आप्पा, गाडीला पण मी कमी पडलो?… न्हाई, रागवणार न्हाईत. रागवले असते तर बरं झालं असतं.

मग घेतो ती मोठी. काय हुतंय? कुठं थांबायचंच न्हाई. घरनं निघायचं ते डायरेक्ट कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला… चेष्टा करतोय गं. एका पायावर थांबीन. बगळा थांबतोय की… न्हाई, उतारावर काय करायचं ते अजून ठरवलं न्हाई.

तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकत्यात… म्हण की सीट टोचती, रंग वाईट हाय, कायतरी म्हण. पायाचं तेवढं नगं… अक्का, मी दमलोय गं. खरंच. गाडी घ्यायच्या आधीच गाडीवरनं उतरावं वाटाया लागलंय.

थांब… थांब, आई आली बाहेर. काय गं?… कुणाला?… म्हशीला?

अक्का, ऐकलंस? आई म्हणती, आप्पा गजराला गाडीचा आवाज ऐकवत्यात… मला काय म्हाईत! अंजना आत्तीला फोन लावलाय म्हणे. आत्ती गोठ्यात उभी, फोन म्हशीच्या कानाला. काल दूध चोरलं ना, म्हणून आता तिला विचारूनच गाडी घ्यायची… मी चेष्टा करत न्हाई. ह्या येळंला न्हाई.

काय? काय बोलतीस, थांब जरा, थांब, मला बघू दे. मी काचेला लागून उभा हाय… आप्पांनी फोन मोठीच्या सायलेन्सरला लावला. शोरूमच्या पोराला म्हणाले, रेस दे. देतोय… ऐकू आलं? आख्खं शोरूम हललं. आता फोन कानाला घेतला. दार उघडं हाय, ऐक: 'बोल अंजना… व्हय… उठून उभी राहिली?… आणि?… लाथ मारली? बादलीला?'

नाना मधीच विचारत्यात, बादली कुठली, पितळी का स्टीलची. आप्पा म्हणाले, स्टीलची. नानांना बरं वाटलं.

आता बारकी… बारकीपाशी गेले, अक्का! आई देवाचं नाव घेतीय. पोरानं बटण दाबलं. आप्पा वाकले. गुडघ्याला हात लावून वाकले. फोन खाली… आता कानाला. 'हां… रवंथ करतीय?… बसली? बरं… बरं. मान हलवली? बरं.'

गप गं जरा, ते बोलत्यात… आप्पा म्हणाले, 'घरात दूध पायजे. बारकी घ्या.'… नाना भांडत्यात, म्हशीला सवय लागंल म्हणत्यात. आप्पा म्हणाले, 'सवय लागंस्तोवर तू काळा च्या पिणार हाईस का?' बास. नानांनी किटली उचलून बारकीच्या हँडलला लावली.

अक्का! झालं गं! म्हशीनं माझं ऐकलं! घरात कुणीतरी ऐकलं!… तिला दोन दिवस जादा पेंड घालतो. आणि आत्तीला साडी. पहिल्या पगारातनं. ती जर तिथं उभी राहिली नसती— 

काय?… हसतीस कशाला?… कोण?… नीट बोल. कोण आलंय?

आत्ती?… आपली अंजना आत्ती? खंडाळ्याला, तुझ्याकडं?… मघाशी मागं बोलत होती ती?… कवा आली? दुपारी?… बाळाला बघायला. बरं. पहाटेच्या एस्टीनं… कुणी बसवून दिलं?

…आप्पांनी.

व्हय. पहाटे कुठंतरी जाऊन आले खरं. मला वाटलं डेअरीला. आत्ती गोठ्यात असंल म्हणून कुणी बघितलंबी न्हाई.

तिचा फोन?… पिशवीत. वाजला न्हाई… एकदाबी न्हाई.

मग गोठ्यात कोण हाय?… 

…

हाय, हाय. काचेतनं आप्पांकडं बघतोय.

न्हाई, समजलं… समजलं म्हणतोय ना. तू सांगू नगंस मला. काल कट्ट्यावरनं बघितलं त्यांनी. सगळं… अजून फोन कानालाच हाय बघ. सगळे बघत्यात म्हणून. 'बरं अंजना, ठेव मग. वैरण टाक तिला.' वैरण टाक म्हणत्यात, अक्का. कुणाला म्हणत्यात? आयुष्यात फोनवर चार शब्दांच्या वर बोलला न्हाई हा माणूस. आज बोलला तर पलीकडं कोणच न्हाई.

न्हाई गं, रडत कशाला? डोळ्यात पाणी उडालं. इथं गाड्या धुत्यात, सांगितलं ना.

थांब. इकडंच येत्यात… व्हय आप्पा… अक्का हाय, खंडाळ्यावरनं… व्हय, ती बारकी. बरी हाय… चालंल की. गजराला चालती म्हंजे… व्हय… हे? ऋषिराजचे… न्हाई, टोचत न्हाईत… व्हय, जरा टोचत्यात… बरं. काढतो. इथंच काढतो.

गेले… काय म्हणाले? म्हणाले, त्या पोराचे बूट त्याला देऊन टाक, पायाला लागतील… आतलं वर्तमानपत्र हातात घेऊन गेले. घडी उलगडून वाचतच गेले. म्हणाले, शिवतेज, हा परवाचा अंक मी शोधत होतो.

मोजे घालून उभा हाय, अक्का. भिजले… न्हाई, बरं वाटतंय. लय दिवसांनी बरं वाटतंय.

हार? आप्पाच आणत्यात जीपमधनं… घातला. लय मोठा हाय, चाकापतोर लोळतोय. नाना म्हणत्यात, तोडून अर्धा करा. आप्पा न्हाई म्हणाले… दुहेरी करत्यात. दुहेरी करून घातला. आता बरोबर बसला. त्याच गाडीचा असल्यागत.

बोलावत्यात मला. लिंबू ठेवलाय चाकाखाली. आई मागं बसलीय आत्ताच, हळू चालव म्हणतीय… चालवतो. हळूच चालवतो. पाय टेकत टेकत.

आणि ऐक, अक्का. ठेवायच्या आधी ऐक. नानांचा काय भरवसा न्हाई, बादलीचं विचारायला लावतील फोन. आत्तीला म्हणावं, आज कुणाचा फोन उचलायचा न्हाई… का म्हंजे? ती घरी हाय. गोठ्यात. गजराजवळ.

ठेवतो.