गोंदर सोडून

नाही, नाही, टेबलावर पसरू नकोस – एकेक हातात दे. पासपोर्ट. तिलाहून मेर्शा कबेडे, राहणार गोंदर, फोटोत चोरासारखा दिसतोस. कार्ड? नवं कोरं. व्हिसाच्या लॉटरीत नाव निघालं आणि अमेरिकेचा कायमचा रहिवासी झालास – मजा आहे बुवा. हे कार्ड बॅगेत टाकायचं नाही, अंगावर ठेवायचं. आणि तिकडं फार रमायचं नाही. बहिणीचं लग्न लाव, नाच, परत ये. सहा महिने उलटले की येताना विमानतळावर खोदून खोदून विचारतात. तिकीट – हं. ठीक. ठीक आहे.

मी कधी जाणार? जाईन की. कॅनडाला जाईन, इटलीला जाईन – माझ्यासारख्याला इथलं सरकार वेगळं प्रवासपुस्तक देतं, त्यावर सगळी दुनिया फिरता येते. गोंदर सोडून. अरे, मी आश्रय मागून आलो. तिथं जिवाला भीती आहे असं शपथेवर सांगितलं – खोटं नव्हतं, पाठ दाखवू? – आता तिथंच सणाला गेलो तर हे इथले साहेब विचारणार, भीती कुठं गेली आजोबा? आणि कार्ड काढून घेणार. बेलाचेवला असलं काही नाही. तो तुझ्यासारखा लॉटरीवाला. एका खोलीत राहिलो, एकाच वर्षी कार्ड मिळालं – तो दर तिमकतच्या सणाला गावी जातो. जाऊ दे, मला काय? पण माझ्या घरी कशाला जातो? माझ्या अंगणात, माझ्या स्टुलावर बसून फोटो काढतो आणि मला पाठवतो, वर थोरल्याला म्हणावं तसं मानानं ‘गाशे’ लिहितो – ‘गाशे, वुबित मजेत आहे.’ माझी बायको मजेत आहे हे मला यानं सांगायचं! फोटोत ती हसते. माझ्याशी संसार केला, कधी दात दिसले नाहीत.

मी बोलावलं नाही असं समजू नकोस. तिचे कागद मंजूर झाले होते. म्हणाली, आईला टाकून येत नाही. बरोबरच आहे तिचं. बेलाचेवनं छपराचे पत्रेही बदलून दिले – मी सांगितलं होतं त्याला? आता तू जाणार. तुझ्या आईचं घर वुबितच्या घराला लागून. तरणा आहेस, डोक्यावर केस आहेत – हसतोस काय?

तिकीट आण इकडं. चूक आहे. आडनावाच्या जागी बापाचं नाव टाकलंस, मेर्शा. आपल्यात आडनावच नसतं – आपलं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं – पण पासपोर्टवर आणि कार्डावर तुझ्या आजोबाला आडनाव करून टाकलंय. तिकिटावर कबेडे पाहिजे. असाच गेला असतास तर काउंटरवरून परत आला असतास. मघाशीच दिसलं होतं मला. का बोललो नाही? – नाही बोललो. तुझं विमान चुकावं म्हणून. झालं समाधान? उद्या उठून तिकीटवाल्याकडं जा, नाव दुरुस्त करून घे.

निरोप? निरोपबिरोप काही नाही. ती कॉफी देईल. पहिली वाटी पी, दुसरी पी. तिसरी, आशीर्वादाची, ओतायच्या आत ऊठ. वाईट दिसतं, माहीत आहे मला. बेलाचेव तिसरी पिऊनही उठत नाही. तू ऊठ.

घे कागद. जा. दार ओढून घे.