लाखेची तबकडी

मंजूषा : तू सांगतोस की मी सांगू? दोन दिवस झाले, बाबांनी तबकडीचं नाव काढलं की तू सायकल घेऊन पळतोस. हॉलंडमधल्या ह्या बेस्ट गावातला एक रस्ता बाकी राहिला नसेल.

शैलेंद्र : हळू बोल. ते आत आहेत.

बाबा : आत नाही, तुझ्या मागे उभा आहे. काय सांगायचंय?

शैलेंद्र : बसा ना बाबा. चहा टाकू?

बाबा : तू स्वतःहून चहा विचारलास म्हणजे प्रकरण मोठं आहे. बोल.

शैलेंद्र : तुमची तबकडी मी पुसली.

बाबा : बरं केलंस. पुण्याची धूळ होती तिच्यावर.

शैलेंद्र : आयपीएनं पुसली.

बाबा : ते काय असतं?

मंजूषा : अल्कोहोल, बाबा. ह्याच्या क्लीनरूममध्ये सगळं त्यानंच पुसतात. मग घरी चष्मा, लॅपटॉप, फ्रिजचं दार. एकदा माझं इडलीपात्र पुसलं.

बाबा : म्हणजे स्पिरिट? लाखेच्या तबकडीला? अरे, सुतार पॉलिश कसं बनवतो पाहिलंयस का? लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. आणि म्हणे चिप बनवतोस.

शैलेंद्र : चिप बनवणारी मशिन्स.

बाबा : तरीच.

शैलेंद्र : मला वाटलं व्हिनाइल आहे. फडकं काळं होत गेलं तेव्हा म्हटलं, केवढी घाण बसली होती.

बाबा : ती घाण नव्हती. गाणं होतं ते.

मंजूषा : बाबा, तुमच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

बाबा : ते दिलंच की. तुझी सासू गेली त्या महिन्यात ग्रामोफोनला चावी दिली, तर स्प्रिंगच तुटली. वर्षभर ऐकली नाही. स्वेटरात गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन आणली, तर हा तिला आंघोळ घालून बसला.

शैलेंद्र : पण गाणं वाचलंय, बाबा. क्रिंगलोपमध्ये जुनं सामान विकतात ना, तिथून प्लेअर आणला होता. पुसण्याआधी एकदा कॉम्प्युटरवर घेतलं, आधी आणि नंतर अशी तुलना करायला. सॉफ्टवेअरनं साफसुद्धा केलंय. ऐका तर.

बाबा : लाव.

मंजूषा : अगं बाई, पियानो काय पळतोय. हे जॅझ का?

बाबा : जंप ब्लूज. मोठा वाद्यवृंद पोसणं परवडेना, तेव्हा सात जण ठेवले आणि त्या सातांनी सतरांचा दंगा घातला. ही तबकडी जुन्या बाजारात मिळाली मला. आणि हे प्रेमगीत नाही हं. बायकोनं बाटली मोरीत ओतली म्हणून भांडतोय तो. आता सॅक्सोफोन ऐक. शैलूची आई त्याला म्हैस म्हणायची. कामावरून आलो की विचारायची, लावताय का तुमची म्हैस?

शैलेंद्र : किती क्लीन आहे बघा. जरासुद्धा खरखर नाही.

बाबा : बंद कर.

शैलेंद्र : का?

बाबा : ही माझी नाही.

शैलेंद्र : तुमचीच आहे, शपथ.

बाबा : म्हैस हंबरते तिथं तीनदा टक् व्हायला पाहिजे. कुठं गेलं ते?

शैलेंद्र : तिथं ओरखडा होता. सॉफ्टवेअरनं तो काढला.

बाबा : तो तुझ्या आईचा होता. लग्नाला महिना झाला असेल. पानं वाढून तिनं तीन हाका मारल्या, मी हललो नाही. मग आली आणि आमटीच्या हातानं सुई ओढली. मी दोन दिवस अबोला धरला, तिनं चार दिवस. पण पुढं चाळीस वर्षं तिला हाक मारावी लागली नाही. टक् झालं की मी उठायचो.

मंजूषा : हे आईंनी कधी सांगितलं नाही.

बाबा : कशाला सांगेल? चूक तिची होती. गाणं मला पाठ आहे रे. मी ते टक् ऐकायला आणली होती.

शैलेंद्र : बाबा, मला लाज वाटतेय. आईचं एवढंच उरलं होतं आणि तेच मी पुसलं.

मंजूषा : थांब, रडू नकोस. साफ न केलेली फाइल कुठाय? हा काही डिलीट करत नाही, बाबा. ब्रेडा शहरातल्या पार्किंगमध्ये कुठल्या मजल्यावर गाडी लावली त्याचे आठ वर्षांपूर्वीचे फोटो आहेत फोनमध्ये. ती गाडी विकली, फोटो आहेत.

शैलेंद्र : असेल. आहे, ही बघ. पण बाबा, हिच्यात फार घाण आहे.

बाबा : तीच लाव.

मंजूषा : मी पानं घेते तोवर.

शैलेंद्र : केवढी खरखर आहे ही. पियानो ऐकूसुद्धा येत नाही.

बाबा : गप्प बस. म्हैस येऊ दे.

(टक्. टक्. टक्.)

बाबा : उठलो गं, उठलो.