चाके चोरीस न गेल्याबाबत

जबाब : श्रीमती बायडाबाई गोरक्ष बोरस्ते, वय ६२ वर्षे, धंदा घरकाम (पूर्वी द्राक्षबाग), मूळ राहणार तालुका निफाड, सध्या राहणार मखमलाबाद रोड, नाशिक.

मी समक्ष विचारल्यावरून खरे सांगते की, वरील ठिकाणी मी मुलगा महेश, वय ३४, याच्यासोबत राहते. आमची पांढरी चारचाकी माझे पती गोरक्ष यांनी घेतली होती. ते मागच्या वर्षी वारले. तेव्हापासून गाडी मी चालवते, भाजीबाजारापर्यंत आणि देवळापर्यंत. परवाना साहेबांनी पाहिला आहे. महेश कंपनीच्या बसने जातो. गाडीची निगा ठेवायला घरात कोणी नाही, असे म्हणून त्याने ती विकायला काढली. उद्या दसऱ्याला गिऱ्हाईक येऊन नेणार होते. मला विचारले नाही. मला गाडी द्यायची नव्हती.

आज खंडेनवमी. आमच्यात आज हत्यारे-अवजारे पुसून पूजतात. पती दरवर्षी आजच्या दिवशी गाडीची चाके काढून त्यांच्या जागा बदलत. पुढची चाके लवकर झिजतात, जागा बदलल्या की चारही सारखी चालतात. मी शेजारी ताटलीत नट घेऊन बसत असे. यंदा ते काम मीच करायचे ठरवले. निगा ठेवणारे घरात कोणी आहे की नाही, ते मुलाला दिसले असते. महेश झोपला होता. सुटीच्या दिवशी त्याला उठवणे देवालाही जमायचे नाही.

मी गॅरेजवाल्याकडून चार लोखंडी स्टँड मागून आणले. गाडी इमारतीच्या आवारात सपाट जागी लावून हँडब्रेक ओढला. चाके जमिनीवर टेकलेली असतानाच पान्यावर पाय देऊन नट ढिले केले, कारण गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती घसरते. मग एकेक कोपरा जॅकने उचलून स्टँडवर घेतला. चाके गडगडत पाण्याच्या टाकीमागे नेली, धुतली आणि कोणते कुठे बसवायचे त्याचे आकडे कुंकवाने काढले.

तेवढ्यात चाके चोरीला गेली असा गलका झाला. मी ओल्या हातांनी पळाले. माझी चाके माझ्यापाशी, त्यामुळे आमच्या गाडीची शंकाच आली नाही. दिवसाढवळ्या चोऱ्या व्हायला लागल्या, लय वाईट दिवस आले, असे मी दोघी-तिघींशी बोललेही. गर्दीत पुढे घुसून पाहिले तर गाडी आमचीच.

महेश अर्ध्या चड्डीवर उभा राहून पोलिसांना फोन करत होता. “माझ्या वडिलांची गाडी आहे हो,” असे तो सांगत होता आणि त्याचा आवाज कापत होता. उद्या विकायच्या गाडीसाठी पोराचा आवाज कापतो हे ऐकून मला फार बरे वाटले. म्हणून मी लगेच बोलले नाही. तेवढा उशीर माझ्याकडून झाला.

हवालदार आल्यावर मी सर्वांना टाकीमागे नेले. महेश आधी माझ्यावर चिडला, मग खाली बसून आकडे पाहू लागला. हे काय म्हणून त्याने विचारले. मी म्हटले, प्रदक्षिणेसारखे प्रत्येक चाक उजवीकडून एकेक घर पुढे. पती काम करताना गाडीभोवती तसेच फिरत, म्हणून चाकेही तशीच फिरवत असतील, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

महेश म्हणाला, “आई, बाबा तसे फिरायचे. चाकं नाही. आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढते, म्हणून पुढची दोन सरळ मागे जातात आणि मागची दोन डावी-उजवी अदलाबदल करून पुढे येतात.”

तो लहानपणी जिन्यात बसून बघत असे, हे मला आज कळले. त्यानंतर चाके त्याने बसवली, नट मी दिले. नट समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेऊन पुन्हा पक्के केले. हवालदारांनीही एका चाकाला हात लावला. फोनची नोंद झाली होती म्हणून जबाबासाठी ठाण्यात येताना गाडी मी चालवली. वाटेत पंपावर हवा तपासली.

ठाण्यात बाकावर बसलेलो असताना गिऱ्हाइकाचा फोन आला. महेश त्याला म्हणाला, “गाडी द्यायची नाही. आई चालवते.” एवढे बोलून तो पाणी प्यायला बाहेर गेला. हे वाक्य जबाबात घ्यावे, अशी मी विनंती केली. त्याचा चोरीशी संबंध नाही, असे साहेब म्हणाले. मी म्हटले, “चोरीशी नसंल साहेब, माझ्याशी हाय.” म्हणून घेतले आहे.

चोरी झालेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वर लिहिलेले मला मराठीत वाचून दाखवले, मी सांगितले तसेच उतरले आहे. महेशचे वाक्य मी दोनदा वाचून घेतले. बरोबर आहे.