आईच्या नावानं

संयोगिता : दादा, मिरजेला जायचं तर कराडात हायवे का सोडलास? ह्यो विट्याचा रस्ता हाय.

धैर्यशील : ठावं हाय मला.

संयोगिता : आई तिकडं दवाखान्यात पडलीया आणि तू गावाकडं निघालास? का? दादा, बोल. ती हाय न्हवं?

धैर्यशील : हाय. बरी हाय. सकाळी मला भाकरी तिनंच बांधून दिली.

संयोगिता : कुणी?

धैर्यशील : आईनं. तिला काय झालेलं न्हाई, संयू.

संयोगिता : गाडी थांबव.

धैर्यशील : जरा पुढं, सावलीला घेतो.

संयोगिता : हितंच थांबव. पसरणीचा घाट उतरताना मी देवाला काय काय कबूल केलं, तुला ठावं न्हाई. तू शेजारी बसून गाडी चालवत व्हतास. एकदाबी तोंड उघडावं वाटलं न्हाई?

धैर्यशील : वाटलं. साताऱ्यात सांगणार व्हतो. पर खरं कळलं असतं तर तू परत फिरली असतीस.

संयोगिता : खरं काय हाय?

धैर्यशील : उद्या नानासोंचा वाढदिवस. कारखान्याच्या दारात त्यांच्या चेहऱ्याची रांगोळी काढायचीया, भली मोठी. माझी बहीण काढंल म्हणून मी शब्द दिलाय.

संयोगिता : मला न विचारता.

धैर्यशील : त्यात काय विचारायचं? घरातच असतीस की.

संयोगिता : घरात असते म्हंजे रिकामी असते? पोरांच्या पुस्तकांतली चित्रं काढते मी, त्यावर पोट भरते. तुमच्या लेखी ते काम न्हाईच. मंडळाचा पडदा, लग्नाची पत्रिका, शाळेची भिंत, सगळ्यांना एकच उत्तर, आमची संयू देईल काढून. गोठ्यावरच्या खोलीत इतकी वर्षं एकटी बसून काढलीत मी. चित्र जमलं तर दाखवायला माणूस न्हाई, बिघडलं तर कुठं बिघडलं ते सांगायला माणूस न्हाई.

धैर्यशील : मला दाखवायचं.

संयोगिता : दाखवलं व्हतं. तू म्हणालास, झाड निळं कसं काय?

धैर्यशील : बरं, आता माझंबी ऐक. फौजेतनं आल्यापास्नं मी काय करतोय? बॉर्डरवर ड्यूटी केलेला माणूस मी, हितं लोकांच्या लग्नात गाड्या लावून देतोय. कारखान्यात सिक्युरिटीच्या साहेबाची जागा निघालीया. नानासो म्हणाले, तुझ्या बहिणीचा हात चांगलाय म्हणं, एवढी रांगोळी झाली की तुझं बघू. मी काय करायचं व्हतं?

संयोगिता : मला फोन करून हेच सांगायचं व्हतं, आत्ता सांगितलंस तसं. मी कदाचित आलेबी असते. आता न्हाई.

धैर्यशील : तुझा फोन वाजतोय.

संयोगिता : सृष्टी हाय, मिरजेची. सतारीच्या भोपळ्यांवर नक्षी काढती. पाचगणीला कलाकारांच्या संमेलनात आमच्यातच व्हती, काल कामासाठी परत गेली. थांब, मोठ्यानं लावते. तूबी ऐक... हां, बोल सृष्टी.

सृष्टी : संयोगिता, कुठपर्यंत आलात? मी दवाखान्यात आहे, तुझ्या भावानं सांगितला त्याच. आईंचं नाव सुलाबाईच ना? इथं दोनदा विचारलं, असं कुणी पेशंट नाही म्हणतात. दुसरीकडं हलवलंय का? मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. नाव सांग फक्त, मी तिकडं जाते.

संयोगिता : तू तिथं कशी काय?

सृष्टी : कशी काय म्हणजे? ऑपरेशन आहे, रक्त लागणार असं संमेलनाच्या ग्रुपवर आलं. अर्जुनाही त्याचा टेम्पो घेऊन तुमच्या मागं निघालाय, जेवता जेवता ताटावरून उठला म्हणे. तू घाबरू नकोस. तू येईपर्यंत मी इथून हलत नाही.

धैर्यशील : संयू, घरी सोडलं म्हणून सांग. बरं वाटलं म्हणून सोडलं म्हणावं.

संयोगिता : ऐकलंस सृष्टी? हा माझा भाऊ. अजून एक खोटं शिकवतोय मला. आई घरी आहे, ठणठणीत आहे. याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रांगोळी काढून पाहिजे, म्हणून मला उठवून आणलं. कराडच्या पुढं विट्याच्या रस्त्याला उभे आहोत आम्ही. मला माफ कर. तू काम टाकून धावलीस.

सृष्टी : आईंना काहीच झालेलं नाही?

संयोगिता : नाही.

सृष्टी : बरं झालं. दादा, तुम्ही ऐकताय ना? माझी आई याच दवाखान्यात गेली. या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमच्या बहिणीची आई म्हणून आले. एवढंच कळू दे तुम्हाला. संयोगिता, आहेस तिथंच थांब. अर्जुनाला मी सांगते.

धैर्यशील : ठेवला तिनं. तुमची वळख कवाची?

संयोगिता : परवाची.

धैर्यशील : परवाची?

संयोगिता : पहिल्या दिवशी मी हॉलमधी पार मागच्या कोपऱ्यात बसले व्हते. पुण्या-मुंबईची माणसं असतील, आपलं काय काम, असं वाटत व्हतं. मग प्रत्येकानं आपलं एक बिघडलेलं चित्र दाखवायचं ठरलं. मी माझं दाखवलं, तर ही सृष्टी म्हणाली, नदी बरोबर हाय, काठ चुकलाय. खरंच काठ चुकला व्हता. दोन महिने मी नदीच खोडत बसले व्हते. अर्जुना जतचा. लोकरीच्या बाहुल्या करून खेळ करतो. घरात त्याला म्हणत्यात, मेंढरं सोडून बाहुल्या खेळतंय. मला वाटायचं, असं जगायचं खूळ माझं एकटीचंच. तिथं हॉलभर निघाले. उद्या सकाळी त्यांच्यापुढं माझी चित्रं लावायची हायत, त्यांच्यावर मी बोलायचं हाय. आणि त्याच माणसांदेखत तू आपल्या आईला मरणाच्या दारात नेऊन उभी केलीस.

धैर्यशील : मी नुसतं आजारी म्हणणार व्हतो. तुझ्याभोवती सगळी जमली, एकेक जण विचाराय लागला. कुठला दवाखाना, काय झालं, रक्त लागंल का. मी आपलं व्हय व्हय म्हणत गेलो. म्हटलं, लोक विचारत्यातच असं. कोण कुठं जातंय.

संयोगिता : नानासोंना फोन कर.

धैर्यशील : काय सांगू?

संयोगिता : बहीण रांगोळी काढणार न्हाई. एवढंच.

धैर्यशील : जागा जाईल, संयू.

संयोगिता : जाईल. मला वाईटबी वाटंल. पर मी काढणार न्हाई. कर फोन, माझ्यासमोर.

धैर्यशील : हॅलो... नमस्कार नानासो, धैर्यशील बोलतोय. त्या रांगोळीचं न्हाई जमणार. न्हाई साहेब, आजारी न्हाई ती. पाचगणीला तिचं काम हाय. व्हय, माझीच चूक, न विचारता शब्द दिला. ...व्हय साहेब. ...बरं.

संयोगिता : काय म्हणाले?

धैर्यशील : दुसरं कुणीतरी बघतो म्हणाले. माझं काय ते बोललेच न्हाईत.

(एक छोटा टेम्पो मागं येऊन थांबतो. अर्जुना उतरतो.)

अर्जुना : ताई, आई बरी हाय म्हंजे बेस झालं बगा. सृष्टीनं सगळं सांगिटलं. पिशवी द्या ती, पुढं बसा. मागं बाहुल्या हायत. रामराम दादा.

धैर्यशील : रामराम. तुमाला लय तरास झाला.

अर्जुना : झाला की. न्हाई कशाला म्हणू? माझा रक्तगट कुठला तेबी मला ठावं न्हाई, तसाच निघालो.

संयोगिता : सृष्टी घरी गेली का?

अर्जुना : न्हाई, तितंच हाय. रक्त देत बसलीया. आलेच हाय तर देऊन जाते म्हणाली, कुणाच्या तरी आईला लागंल.

धैर्यशील : संयू, मी सोडतो की तुला पाचगणीला. माझ्या गाडीत बस.

संयोगिता : नगं. मी यांच्यासंगं जाते.

धैर्यशील : मग मी काय करू?

संयोगिता : घरी जा. आणि आईला यातलं काय सांगू नगंस, ती जेवायची न्हाई.